पांढरा रंग कुठे वाळला?

शनिवारी सकाळी दिपाली शहापुरात मालुबाईंच्या दारात उभी राहिली तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. युवराजनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं तो हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आक्का, माझं विमान चोरलंय. आणि माझ्याच डोळ्यांदेखत दुसऱ्यानं ते आपलं म्हणून मांडलंय."

मालुबाई पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. आता खासगी तपास करायच्या. युवराज त्यांचा भाचा. विम्याची एजंटगिरी सोडून मावशीची स्कूटर चालवायला लागलेला गडी. मनानं सोनं, डोक्यानं जरा सावकाश.

दिपालीनं सगळं सांगितलं. ती वडगावच्या विणकर घरातली सून. विमानांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती बनवायचा तिला नाद. अशाच प्रतिकृती बनवणाऱ्या बंगळूरच्या एका कार्यशाळेच्या मालकीणबाई, स्वरूपा, बेळगावात आल्या होत्या. आलेल्या प्रतिकृती बघून त्या एकाला नोकरी देणार होत्या, आणि निवड आज संध्याकाळीच होती. दिपालीचं विमान बांधून तयार होतं, वर रंगाआधीचा राखाडी अस्तराचा हातही बसला होता. पांढरा रंग तेवढा राहिला होता. गेल्या रविवारी ती माहेरी गुंजीला गेली, परतली तर कपाट रिकामं. काल टिळकवाडीच्या हॉलमध्ये तेच विमान तिला दिसलं, पांढरंशुभ्र, सांबऱ्याच्या किशनच्या नावानं.

"रंग का राहिला होता?" मालुबाईंनी विचारलं.

"मनासारखा पांढरा मिळत नव्हता."

युवराजला हसू आलं. पांढरा तो पांढरा, त्यात निवडायचं काय, असं तो बोलून गेला. दिपालीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू जागीच विरलं.

"दादा, सगळ्यात अवघड तोच. डब्यातला तेलरंग घेतला तर जाड बसतो, बारीक रेषा बुजतात आणि दिवसभर चिकट राहतो. मला पाण्याचा, झटकन वाळणारा हवा होता. पातळ हात एकावर एक द्यायचे, तेपण माग बंद असतील त्याच दिवशी. बारीकसं काय चिकटलं तर दुसऱ्या रंगावर खपतं, पांढऱ्यावर काय खपत न्हाय."

"ते विमान तुझं, हे दुसरं कोण सांगेल?"

"कोण न्हाय. घरात कुणी नीट बघितलंच न्हाय कधी." एवढं बोलताना मात्र तिचा आवाज फुटला.

हॉलमध्ये किशन इस्त्रीचा शर्ट घालून विमानाशेजारी उभा होता. तो आणि दिपालीचा नवरा, आदर्श, हे दोघं शाळेपासूनचे दोस्त. माणूस गोड बोलायचा. महिन्यापूर्वीच रंगवलं, सांबऱ्याच्या घरात, खिडक्या लावून, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. वडगावात वर्षभरात पाऊल टाकलं नाही म्हणाला. आणि अशी विमानं काय, चारचौघं करतात. वहिनींना उगाच भास झाला असेल.

मालुबाईंनी भिंग काढलं. युवराजही वाकला. रंग जाड होता, दारं-खिडक्यांना मारतात तसा. पंखाच्या मुळाशी एक हिरवा केस दिसला. त्यानं फुंकर मारली, केस हलला नाही. त्यानं पुन्हा मारली.

"पुरे रं," मावशी म्हणाल्या. "सगळा दिवस फुंकशील."

दुपारी मावशी-भाचे वडगावात पोचले. सासरे आण्णाप्पा हातमागावर बसलेले, मागावर डाळिंबी रेशीम. सुनेच्या नोकरीचं नाव काढताच म्हातारा कडाडला. घर सोडून खेळणी करायला जायचं म्हणजे काय? बंगळुरात हिला कोण ओळखतं? युवराजची खात्री पटली, चोर हाच.

मालुबाई मात्र खिडक्या बघत होत्या. त्या नव्यानंच पांढऱ्या रंगवलेल्या होत्या. उरलेल्या रंगाचं काय केलं, असं त्यांनी सहज विचारलं. उरलेला डबा आदर्शनं नेला, आपल्या यंत्रमागाच्या शेडचं दार रंगवायला, असं आण्णाप्पांनी सांगितलं.

शेड दोन गल्ल्या पलीकडे होती. तिचं दार निळं होतं, गंजलेलं, पोपडे निघालेलं. आतून मागाचा खडखडाट येत होता. आदर्श बाहेर आला तो भुवयांपर्यंत सुताच्या हिरव्या तुसानं माखलेला. माग बंद करून त्यानं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली.

"एकटाच बघतोस व्हय?" मालुबाईंनी विचारलं.

"एकटाच. दुसऱ्याच्या हातात माग देत न्हाय मी."

"हिरवं लई छान आहे. कधीपासनं चाललंय?"

"सोमवारी चढवलं. त्याआधी पिवळं हुतं."

विमान कुणी नेलं असेल, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. मग कुणी न विचारताच म्हणाला, "बंगळूर लई लांब हो, आक्का."

संध्याकाळी हॉलला तुम्हीही या, असं मालुबाईंनी बापलेकांना बजावलं. परतताना युवराज म्हाताऱ्यावरच अडून बसला.

संध्याकाळी स्वरूपाबाई निवड सांगायला उठल्या, तशा मालुबाई पुढे झाल्या. दिपाली भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरेफटक.

"किशन, रंग महिन्यापूर्वी, सांबऱ्याच्या बंद खोलीत. व्हय ना?"

"व्हय."

"मग या रंगात हिरव्या सुताचे तंतू कसे?"

किशन हसला. धूळ बसली असेल म्हणाला.

"बसलेली धूळ फुंकरीनं उडते. माझ्या भाच्यानं दमछाक होईपर्यंत फुंकलंय. हे तंतू रंगाच्या आत आहेत. ओला असताना पडले आणि वाळून तिथंच राहिले. पंखावर, शेपटीवर, पोटाखाली, सगळीकडं. म्हणजे रंग वाळला तो मागाजवळ, आणि मागावर हिरवं सूत असताना. पाण्याचा रंग असता तर झटकन वाळला असता, एखादाच तंतू सापडला असता. हा तेलरंग. दिवसभर चिकट."

कुणीतरी म्हणालं, मग दिपालीनंच रंगवलं नसेल कशावरून?

"रंग कसा लावायचा हे तिला ठाऊक आहे म्हणून. ती असला रंग घेणार न्हाय आणि चालत्या मागाशेजारी तर मुळीच लावणार न्हाय. तिच्या घरात हिरवं सूतही न्हाय. सासऱ्यांच्या मागावर डाळिंबी रेशीम. ते विरोधात आहेत, पण जे काय ते तोंडावर बोलतात."

युवराजनं आण्णाप्पांकडे बघायचं टाळलं.

"हिरवं सूत शेडमध्ये, तेही सोमवारपासनं. विमान गेलं रविवारी. घरातला उरलेला तेलरंग शेडच्या दाराला म्हणून गेला आणि दार अजून निळंच. शेडची किल्ली एकाच्याच करगोट्याला. जन्म मागावर गेला त्याचा, अंगावरचं तूस त्याला दिसतच न्हाय, मग विमानावरचं कुठनं दिसणार? आदर्श, तू बोलतोस की मी बोलू?"

किशन दाराकडे सरकत होता. युवराज दारातच जाऊन उभा राहिला.

आदर्शनं नाकारलं नाही. विमान त्यानंच उचललं. राखाडी दिसलं तर ती ओळखेल म्हणून पांढरं केलं, वाळल्यावर किशनला दिलं. नोकरी किशनला लागली असती आणि दिपाली घरात राहिली असती.

"गेली असती तर परत आली नसती हो," तो म्हणाला, आणि मोठ्या माणसानं रडू नये तसा रडला. युवराजला त्याची दया आली आणि रागही आला.

स्वरूपाबाईंनी चष्मा काढला. हे विमान आपण रंगामुळे बाजूला ठेवणार होतो, बांधणी पाहून हळहळत होतो, आता निवड दिपालीचीच, असं त्यांनी सांगितलं. मग त्या आदर्शकडे वळल्या.

"तुमच्या बायकोनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निवड झाली तर काम वडगावात बसूनच करीन, घर सोडणार नाही. मी कबूलही केलं होतं."

आदर्शनं मान वर केली. "मला का सांगितलं न्हाईस गं?"

"ठरल्यावर सांगणार होते," दिपाली म्हणाली. "तुझ्यासाठीच घातली होती ती अट."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि स्वरूपाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ती अट काढून टाका. मी बंगळूरला येते."