मोकळं नाव

आरसा मोइराचा होता, म्हणून तो भिंतीवरून उतरवण्याआधी युनिसआत्यांनी तिला विचारलं.

"तुझा आरसा लागेल मला आज," न्याहारीच्या वेळी त्या म्हणाल्या. "आणि धरायला तू."

हे विचारणंच होतं. ऑर्डवे घराण्यात असंच विचारत.

मोइराला या घरात येऊन अजून वर्ष व्हायचं होतं. ती बॉस्टनजवळच्या लॉवेलच्या गिरणीवस्तीतली, आयरिश घरातली. नवरा आल्डन हा हॅलम गावातला. आईबाप लवकर गेल्यामुळे त्याला या आत्यानंच वाढवलं होतं. आत्यांनी लग्न केलं नाही. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ काढायला घेतली. विलायतेहून बोटीनं आलेल्या पहिल्या ऑर्डवेपासून थेट आल्डनपर्यंत. त्या वंशवृक्षाचा लांबलचक कागद जेवणाच्या टेबलावर कायम पसरलेला असे आणि घरातली माणसं त्याच्या कडेकडेनं जेवत.

"तुमच्याकडे कोण कोण होऊन गेलं गं?" आत्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात चौकशी केली होती.

"आजोबा बोटीतून उतरले, आत्याबाई. त्याआधीचं बोटीलाच माहीत."

आल्डनला ठसका लागला होता. आत्या हसल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी पावाचा टोकाचा खरपूस तुकडा मोइराच्या ताटात वाढायला सुरुवात केली.

आता मोइराला पाचवा महिना होता, आणि मुलगी झाली तर तिचं नाव आत्यांनी त्या कागदातूनच शोधून ठेवलं होतं. वेटस्टिल. म्हणजे, शांतपणे वाट पाहत राहा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या जोसाया आणि टॅम्सिन ऑर्डवेची ही मुलगी. देवळाच्या दप्तरात तिच्या बाप्तिस्म्याची नोंद होती आणि पुढे काहीच नव्हतं.

"कशाची वाट पाहायची?" मोइरानं विचारलं होतं.

"देवाची."

"मला बसची वाटली."

मोइराच्या मनात आपल्या आजीचं नाव होतं, ब्रिडी. ते ऐकून आत्यांनी चष्मा काढला. "ब्रिडी? अगं, बॉस्टनमधल्या निम्म्या घरांत स्वयंपाकिणीला ब्रिडी म्हणायचे!"

"माझी आजी त्यांतल्याच एका घरात होती," मोइरा म्हणाली. आल्डन बिचारा खिडकीबाहेर बघत राहिला. आत्या म्हणेल ते, असं त्याचं आयुष्यभराचं धोरण होतं. मोइरा भांडली नाही. भांडायचा तिचा स्वभाव नव्हता. पण पोटावर हात ठेवून ती रोज मनातल्या मनात ब्रिडी, ब्रिडी म्हणायची. आपण नाव बदललं नाही, तर ते आतल्या आत पक्कं होईल, अशी तिची समजूत होती.

तर त्या सकाळी दोघींनी आरसा गोधडीत गुंडाळला, दवाखान्यात पेशंट न्यावा तसा गाडीच्या मागच्या सीटवर आडवा निजवला, आणि जुन्या प्रार्थनाघरामागच्या दफनभूमीवर गेल्या. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. मेपलची पानं इतकी लाल होती की बघणाऱ्याला संकोच वाटावा.

ऑर्डवेंची ओळ उत्तरेच्या अंगाला, भिंतीलगत होती. तिथल्या दगडांच्या तोंडावर वर्षभरात कधी ऊन येत नाही, म्हणून ते शेवाळून गुळगुळीत झालेले. बोट फिरवलं तरी अक्षर लागत नाही. त्यासाठी आरसा. उन्हात उभं राहून आरशानं उजेडाचा तुकडा दगडावर बाजूनं, तिरका सोडायचा. मग प्रत्येक अक्षराच्या खाचेत बारीक सावली धरते आणि कोरा वाटणारा दगड बोलायला लागतो.

मोइरा पंधरावीस पावलांवर उन्हात उभी राहिली. आरसा कमरेला टेकवून, दोन्ही हातांनी धरून, ती त्याच्यामागे. तिला दिसत होती ती आरशाची लाकडी पाठ आणि वरच्या कडेवरून दगडांची ओळ. आत्या उशीवर गुडघे टेकून मऊ ब्रशनं शेवाळ झाडत होत्या. मोठ्या दोन दगडांशेजारी गुडघ्याएवढे पाच लहान दगड होते. प्रत्येकाच्या माथ्यावर कोरलेली पंखवाली कवटी, जुन्या लोकांना आवडायची तशी. पाचांचे पंख मात्र चिमणीएवढे.

उजेड पहिल्या दगडावर पडला.

"सापडली!" आत्या ओरडल्या. "वेटस्टिल, जोसाया आणि टॅम्सिन यांची मुलगी. वय... सात आठवडे." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "अरेरे. बरं, पुढचा दाखव."

मोइरानं आरसा किंचित वळवला.

"वेटस्टिल," आत्यांनी वाचलं. "जोसाया आणि... वय पाच महिने."

"तोच दगड वाचताय का, आत्याबाई?"

"मी चाळीस वर्षं शिकवलंय, पोरी. मला वाचता येतं." त्यांनी तिसऱ्याचं शेवाळ झाडलं. उजेड सरकला. त्यावरही तेच होतं. वेटस्टिल. वय एक वर्ष.

वारा नव्हता. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी बागेत सफरचंदं गोळा करण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"त्या काळी पद्धत होती तशी," आत्या दगडाकडे बघतच म्हणाल्या. "मूल गेलं की नाव मोकळं व्हायचं. मग पुढच्या मुलाला तेच ठेवायचे. मोकळं झाल्याशिवाय मात्र नाही. नावं वाया घालवत नसत ते लोक. मला वाटत होतं, ही एकच आहे आणि तिच्या मरणाची नोंद राहून गेलीय."

"आईला ती हाक कशी मारवत असेल?" मोइरा म्हणाली. आरसा तिला एकाएकी जड वाटायला लागला होता. "आणि हाक ऐकून नक्की कोण येत असेल?"

"काहीतरीच बोलू नकोस. चौथा."

चौथ्यावर नाव होतं डॉर्कस. वय तीन वर्षं.

मोइराच्या छातीवरचा दगड उतरला. बदललं शेवटी टॅम्सिननं नाव. बाई शहाणी झाली. हीसुद्धा गेली, पण तीन वर्षं तरी जगली. घरात चाललेल्या तंट्यात अडीचशे वर्षांपूर्वीची एक बाई आपल्या बाजूनं उभी राहिली, असं तिला वाटलं. तिनं उत्साहानं आरसा पाचव्या दगडाकडे वळवला.

"जरा बाजूला हो," आत्या म्हणाल्या. "सावली पडतेय तुझी."

"मी आरशाच्या मागे आहे, आत्याबाई."

"मग मध्ये कोण..."

उजेडाच्या तुकड्यात सावली होती. मोइरालाही ती वरच्या कडेवरून दिसली. लहान, वाटोळं डोकं. टोपडं घातल्यासारखं. टोपड्याचे बंद दोन्ही बाजूंना लोंबत होते. तिच्या आणि दगडाच्या मध्ये नुसती पानं पसरलेली होती. त्यांच्यावर कुणी नव्हतं.

सावलीच्या कडा आधी कापून काढल्यासारख्या स्वच्छ होत्या. मग त्या हळूहळू धूसर व्हायला लागल्या. लहानपणी मोइरा आणि तिचे भाऊ कंदिलापुढे हातांचे ससे करून खेळायचे, त्यामुळे तिला कळलं. भिंतीपासून हात लांब नेला की सशाच्या कडा अशाच विसकटतात. म्हणजे जे काही होतं ते दगडापासून दूर चाललं होतं.

म्हणजे इकडे येत होतं.

चुर्र... पानं वाजली. थांबली. पुन्हा... चुर्र... नुकतं चालायला लागलेलं मूल टाकतं तशी पावलं. वास आला, आंबूस. तान्ह्या बाळानं दूध ओकल्यावर खांद्यावरच्या फडक्याला येतो तो. वाईट वास नव्हता. तेच वाईट होतं.

"मोइरा," आत्या कुजबुजल्या. त्यांनी मान वळवली नाही. "आरसा खाली ठेव... हळू."

तिला ठेवता येईना. दगडावरचा सगळाच उजेड मंद झाला होता. आरशाच्या पलीकडे, अगदी काचेला लागून, काहीतरी उभं होतं. लाकडातून थंडावा आत येत होता, तिच्या बरोबर पोटाशी. आणि पोटातलं मूल, जे आजवर मासोळीसारखं नुसतं हलायचं, ते वळलं. सबंध वळलं. हाक आली की माणूस वळतो तसं.

"ब्रिडी," मोइरा म्हणाली. मोठ्यानं. "हिचं नाव ब्रिडी आहे. ब्रिडी!"

उजेड परत स्वच्छ झाला. भिंतीपलीकडे सफरचंदं बादलीत पडायला लागली.

आरसा गोधडीत गुंडाळताना तिला काचेवर खाली, मांडीच्या उंचीवर, वाफेचा एक गोल दिसला. बिस्किटाएवढा. तिनं तो बाहीनं पुसला. पुसला गेला. पाचवा दगड वाचायचा तसाच राहिला.

गाडी बाहेर काढताना आत्यांनी फाटकाचा खांब घासला, आणि खांबालाच "माफ करा" म्हणाल्या. रात्री जेवताना बीन्स वाढता वाढता त्या एकदम आल्डनला म्हणाल्या, "ब्रिडी हे काही वाईट नाव नाही. स्वयंपाकीण असली म्हणून काय झालं? माणसांच्या पोटाला घालते ना ती?"

"पण आत्या, तूच तर..."

"बीन्स खा."

मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, ब्रिडी झाली. लाल, गुटगुटीत आणि आवाजी. सात आठवडे झाले त्या दिवशी मोइरानं तिला दिवसभर खाली ठेवलं नाही. पाच महिने झाले, वर्ष झालं. प्रत्येक वेळी मोइरा आदल्या दिवसापासून गप्प व्हायची आणि दुसऱ्या दिवशी ॲपल पाय भाजायची, वर चीजचा तुकडा ठेवून. आत्या कारण विचारत नसत. नुसतं ताट पुढे करत.

वेटस्टिल नाव दिलं नाही, म्हणून सुटलो. मोइरानं मनाशी तसं ठरवून टाकलं होतं. आरसा पुन्हा भिंतीवर गेला होता. ब्रिडीला तो फार आवडे. त्याच्यापुढे बसून ती तासन्‌तास बडबडायची. मुलं बडबडतातच.

ब्रिडीला तिसरं वर्ष पुरं होत आलं, तेव्हा मोइराला पुन्हा दिवस गेले होते.

त्या फेब्रुवारीत एका दुपारी आत्या बाहेरून आल्या आणि कोट न काढता टेबलाशी बसल्या. बुटांचा बर्फ वितळून गालिच्यावर पाणी होत होतं, आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. हेच मोइराला आधी खटकलं.

"कुठे गेला होतात, आत्याबाई?"

"दफनभूमीत. बॅटरी घेऊन." त्यांनी हातमोजे वंशवृक्षाच्या कागदावर ठेवले. "इतकी वर्षं एक जागा कोरी ठेवलीय. मी आज आहे, उद्या नाही. म्हटलं, एकदा वाचून टाकावा."

"पाचवा?"

आत्यांनी मान डोलावली.

"काय आहे त्याच्यावर?"

त्यांची नजर तिच्या पोटावर गेली.

"डॉर्कस," त्या म्हणाल्या.

मोइराला ते कळायला एक क्षण लागला. तीन वर्षांची डॉर्कस गेली. नाव मोकळं झालं. मग दुसरी डॉर्कस आली. टॅम्सिननं नाव बदललं होतं, आणि बदलून काही झालं नव्हतं.

मोइरा खोलीत गेली. पळाली नाही, कारण पळालं तर काहीतरी खरं होईल असं तिला वाटलं. ब्रिडी आरशापासून लांब, पलंगाच्या कडेला बसून बाहुलीला टोपडं घालत होती. बंद तिला बांधता येत नव्हते. खोलीत आंबूस, दुधाचा वास होता, आणि घरात तर तान्हं मूल नव्हतं.

"कुणाशी बोलत होतीस गं, राणी?"

"वेटीशी."

हे नाव या घरात तीन वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"काय म्हणते... वेटी?"

ब्रिडीनं बाहुली खाली ठेवली, पलंगावरून उतरली आणि येऊन आईच्या पोटाला मिठी मारली. गाल टेकवला. तिचं अंग गरम होतं. सकाळी नव्हतं.

"ती विचारत होती, बाळाचं नाव काय," ब्रिडी म्हणाली. "मी म्हटलं, अजून नाही ठेवलं. तर ती म्हणाली, तिला ब्रिडीपण चालेल."

मोइरानं लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि ती मागे मागे सरत दाराशी गेली. आता आरशासमोर कुणीच नव्हतं. पण काचेवर खाली, तीन वर्षांच्या मुलीचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, वाफेचा एक गोल होता. तो हळूहळू आक्रसत टिकलीएवढा झाला... आणि पुन्हा मोठा झाला.