वहिनीच्या नावावर

“शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हा ‘ओके’ तुम्हीच दिलात ना, ताई?”

एचआरच्या बाईंनी हे इतक्या हळू आवाजात विचारलं की एखाद्याला वाटावं, चहात साखर किती हवी ते विचारताहेत. पण जिला विचारलं होतं, ती ताई खुर्चीच्या कडेवर सरकली! टेबलापलीकडे कंपनीचे वकील बसले होते, आणि त्यांच्या शेजारी मान खाली घालून कंपनीचा मालक… ज्याला सुरुवातीच्या दिवसांत सगळे ‘दादा’ म्हणत आणि आता नवी माणसं ‘सर’ म्हणत, तो. समोरच्या पडद्यावर एकच ओळ होती. त्या ओळीत तारीख, वेळ आणि तिचं नाव.

तिने काचेच्या भिंतीतून बाहेर पाहिलं. आपल्या जागेवर चिमण बसला होता. तिचा धाकटा दीर. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, आणि त्या चेहऱ्यावरचे दोन डोळे तिच्याकडे असे लागले होते की पाण्यात गटांगळ्या खाणारा माणूसही काठाकडे तसा बघत नसेल…

शुक्रवारी चार वाजता ती ऑफिसात नव्हतीच. सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात बसली होती. एवढंच सांगायचं होतं. एक वाक्य!

“हो,” ती म्हणाली. “मीच दिला.”

ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा चिमण नऊ वर्षांचा होता. काडीसारखा, सदा आजारी, अंधाराला भिणारा. सासरे नुकतेच गेले होते, सासूबाई स्वतःच्याच दुःखात बुडालेल्या, आणि नवरा कारखान्यात लेथवर दोन-दोन पाळ्या करणारा. ते पोर आपसूकच तिच्या पदराला येऊन चिकटलं. त्याचा ताप, त्याची परीक्षा, त्याचं कॉलेज, सगळं तिने पाहिलं. स्वतःचं अर्धवट राहिलेलं शिक्षण मात्र अर्धवटच राहिलं. त्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

मग ती त्या कंपनीत लागली. तेव्हा अकरा माणसं, दोन टेबलं आणि एक कायम गरम होणारं मशीन, एवढाच सगळा पसारा! रक्ततपासणीचे रिपोर्ट प्रयोगशाळेतून थेट पेशंटच्या मोबाइलवर पोहोचवायचं सॉफ्टवेअर ते बनवत, आणि ती प्रयोगशाळांचे तक्रारीचे फोन घेई. फोन घेता घेता काय बिघडतं ते तिला कळू लागलं, का बिघडतं ते कळू लागलं, आणि एक दिवस दादा म्हणाला, “ताई, आमच्या इंजिनिअरांना दिसत नाहीत त्या चुका तुम्हाला दिसतात. उद्यापासून तपासणीचं काम तुमचं.” वाढत्या कंपनीत पदवी विचारायला कुणाला सवड नव्हती, ज्याला जमेल त्याचं काम, आणि ज्याचं काम त्याचा मान. चार वर्षांत ती आठ माणसांच्या टीमची प्रमुख झाली. आपलं नाव लिहिलेली दाराची पाटी तिने पहिल्यांदा पाहिली, तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच तिच्यावरून बोट फिरवलं होतं!

पण वाढणाऱ्या मुलाला महिन्या-महिन्याला कपडे आखूड व्हावेत तशी तिथली प्रत्येक व्यवस्था आखूड होत गेली. अकराची चारशे माणसं झाली. दर तिमाहीला नवा वरिष्ठ येई आणि जुन्याने ठरवलेलं मोडून टाकी. तिघांचं काम एकाच्या गळ्यात पडे, आणि ‘कधी होणार’ हा प्रश्न ‘नीट होणार का’ या प्रश्नाच्या उरावर बसे. चिमण इंजिनिअर होऊन तिच्याच टीममध्ये आला तो अशा दिवसांत. “वहिनी, इथे वर्षात जे शिकायला मिळतं ना, ते दुसरीकडे पाच वर्षांत मिळत नाही!” असं म्हणत डोळे चमकवणारा तो मुलगा सहा महिन्यांत झोपेत दचकू लागला होता.

सॉफ्टवेअरमधला कुठलाही बदल दुसऱ्या माणसाने तपासून ‘ओके’ दिल्याशिवाय पुढे जात नसे. त्या शुक्रवारी नव्या वरिष्ठाने चिमणच्या मागे धोशा लावला… आत्ताच्या आत्ता हवं! चिमणने तिला दवाखान्यात फोन केला. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांनी हिचा हात घट्ट धरून ठेवलेला. “माझा पासवर्ड घे,” ती घाईघाईने म्हणाली, “पण आधी सगळं उघडून बघ रे बाळा, मगच ओके दे.” त्याने बघितलं नाही. आणि संध्याकाळपर्यंत एकेचाळीस माणसांना भलत्याच माणसांचे रिपोर्ट गेले!

चाळीसांना गाठून खरे रिपोर्ट दिले गेले. एकेचाळिसावा फोन मात्र बंद होता. कंपनीने त्याला तीन मेसेज पाठवले, आणि कागदावर तेही प्रकरण मिटवून टाकलं.

त्या खोलीत ‘मीच’ म्हणाली, त्याच दुपारी तिची नोकरी गेली.

घरी तिने एवढंच सांगितलं की शुक्रवारी दुपारी माझ्या हातून चूक झाली. नवरा म्हणाला, “होतं असं. बघू.” पण सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. “झेपत नव्हतं तर एवढ्या उड्या मारायच्या कशाला? पोराचं नाव खराब केलंस ना तिथे! बिचारा तोंड कसं दाखवत असेल!” ती ऐकून घेई. त्या शब्दांचं दुःख होतं, पण त्या दुःखाला जागाच उरली नव्हती; तिचं सारं अंतःकरण भयाने व्यापून टाकलं होतं…

चिमणची भीती! तो सकाळी निघे, संध्याकाळी येई, ताटातलं चिवडून उठे. तिच्याकडे तो बघतच नसे. न्हाणीघराचं दार पाच मिनिटं जास्त बंद राहिलं की ती दाराशी येऊन उभी राही. “चिमण… अरे, झालं का?” ती बाहेरून हाक मारी, आणि आतून उत्तर येईपर्यंत तिचा जीव कानांत गोळा होई. तो बाहेर आला की ती हसे. आपण हसलो नाही तर हे पोर कोसळेल, अशी तिची समजूत होती.

आणि दुसरी भीती त्या एकेचाळिसाव्या माणसाची. कोण असेल? आपली तब्येत ठणठणीत आहे असं वाचून निश्चिंत बसला असेल? की ती निश्चिंती त्याला आतून खात असेल? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कुठेही तो बिनचेहऱ्याचा माणूस तिच्या पाठीशी येऊन उभा राही. वळून बघावं तर कुणी नाही!

वीस दिवस असे गेले. एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, सासूबाई डोळ्यांत औषध घालून घ्यायला तिच्यापुढे बसल्या. “त्या शुक्रवारसारखं झोंबायला नको बाई,” त्या पुटपुटल्या. आणि एकाएकी त्यांनी तिचं मनगट धरलं.

“थांब. तुझी ती चूक कुठल्या दिवशी झाली म्हणालीस?”

“राहू द्या ना आई… वर बघा.”

“शुक्रवारी दुपारीच ना? तेव्हा तर तू माझ्याजवळ होतीस! माझा हात सोडला नाहीस तू, सहा वाजेपर्यंत! मग ते केलं कुणी?”

तिने औषधाची बाटली खाली ठेवली. “आई, तुमच्या पाया पडते, हळू बोला! त्याच्या कानावर जाईल. तो आधीच…”

“मी ऐकलंय, वहिनी.”

चिमण दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“माझ्या हातून झालं, आई. पासवर्ड हिचा, चूक माझी. आणि ही त्या खोलीत ‘मीच’ म्हणाली, तेव्हा मी… मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही!”

“बाळा, त्यात काय, मी मोठी आहे, मला…”

“पुरे गं!” तो इतक्या जोरात ओरडला की ती भिंतीला टेकली. “वाचवलंस तू मला, हो ना? रोज त्या जागेवर बसतो ना, माणसं पाठीवर थाप मारतात, म्हणतात तुझ्या वहिनीचं वाईट झालं रे! आणि घरी आलो की तू हसतेस. तू हसलीस ना, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं!”

सासूबाई कधी उठल्या ते दोघांनाही कळलं नाही. त्यांनी सुनेचं डोकं आपल्या छातीशी ओढलं. “वीस दिवस काय काय बोलले गं मी तुला! आणि तू उलटून एक शब्द नाही… अशी कशी गं तू?” तिच्या तोंडून हुंदका फुटला, त्या दवाखान्यातल्या दुपारनंतरचा पहिला.

चिमणने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. “त्या एकेचाळिसाव्या माणसाचा पत्ता आहे. पंधरा दिवस खिशात घेऊन फिरतोय. दोनदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेलो. वर जायची हिंमत झाली नाही. जर… जर दार कुणी उघडलंच नाही तर?”

तिने डोळे पुसले. “चल,” ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर दारावर एका निवृत्त चित्रकला-शिक्षकाची पाटी होती. घंटा वाजवली. शांतता. पुन्हा वाजवली. चिमणने तिचा हात धरला, लहानपणी अंधाऱ्या बोळात धरायचा तसाच. तिने दारावर मूठ आपटली. “मास्तर! अहो मास्तर!”

किती तरी वेळाने आतून पाय घासल्याचा आवाज आला, आणि दार उघडलं. तो म्हातारा जिवंत होता! पण त्याचे ओठ कोरडे पडले होते, एका पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं होतं आणि बोलताना जीभ जड होत होती.

“रिपोर्ट वाचला त्याच रात्री मोबाइल पाण्यात पडला हो. मला फोन तरी कुणाचा यायचाय? आणि आता मी बरा आहे. साखर एकदम नॉर्मल आली, गोळ्या बंद केल्या. फक्त तहान फार लागते…”

ती तोंड उघडणार तोच चिमण पुढे झाला. “मास्तर, तो रिपोर्ट तुमचा नव्हता. दुसऱ्याचा होता. तुमची साखर खूप वाढलेली होती. माझ्या हातून चूक झाली. माझ्या… दुसऱ्या कुणाच्या नाही.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे टक लावून बघितलं. “तुझ्या हातून?” तो म्हणाला. “मग आता त्याच हाताने धर मला. जिना उतरवत नाही.”

चिमणने त्याला पाठंगुळी घेतलं. रुग्णालयात डॉक्टरांनी पायावरचं फडकं सोडलं आणि लगेच नर्सला खूण केली. दोन दिवस बाहेरच्या बाकावर दोघं आळीपाळीने बसून राहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “पायाचं एक बोट गेलं. माणूस राहिला.”

त्याच सकाळी चिमण ऑफिसात गेला. ती खाली स्वागतकक्षात बसली. सगळं ओळखीचं, तरी ती परक्यासारखी. तिने निवडलेल्या खुर्च्या, आणि तिला न ओळखणारी स्वागतिका! एक तास झाला. दर वेळी लिफ्ट उघडली की ती अर्धवट उठून बघे. काय करतील त्याचं? पोलिस? काय बोलेल तो? आणि तिथून बाहेर पडून कुठे जाईल?

शेवटी तो आला. हातात एक खोका, त्यात एक मग आणि चार वह्या.

“सगळं सांगितलं. मला काढलं,” तो म्हणाला. “दादा रडले. म्हणाले, ताईंना आधी मीच विचारायला हवं होतं, वकिलाला मध्ये घालून नाही. तुला वर बोलावलंय.”

ती उठली. ‘असू दे रे, होतं असं’… हे शब्द सवयीने ओठांवर आलेच होते. पण त्यांच्याआधी दुसरंच काहीतरी आलं, आणि त्याला थोपवणं तिच्या हातात राहिलं नाही.

“गाढवा! पासवर्ड दिला तो तपासायला दिला होता, का डोळे मिटून ढकलायला? एका माणसाचं बोट गेलं! जीव गेला असता! आणि मला… मला काय काय भोगायला लावलंस तू! दार बंद झालं तरी मरत होते मी, तुला कळत नव्हतं? एक शब्द बोलायचास ना रे, एक शब्द!”

स्वागतिका उभीच राहिली. चिमणच्या हातातला खोका खाली गेला. चोवीस वर्षांचा तो मुलगा सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागला.

“बोल, वहिनी,” तो म्हणत होता, “अजून बोल…”

आणि ती बोलत राहिली. वर दादा वाट बघत होता, बघू दे.