वरचं खाचर

"आजपासून तुझं पाणी नको मला!"

सेइजीनं साराचा वाडगा इतक्या जोरात खाली ठेवला, की त्यातला मुळा उसळून चटईवर पडला. त्याच्या थोरल्या बहिणीनं, किनुनं, तो मुकाट्यानं उचलला.

बाहेर समुद्रावरून यामासे सुटला होता. ऐन जुलैत अंगात कापसाची जाकिटं, घरात पेटलेली शेगडी, आणि धुकं असं की कोंबड्यासुद्धा खुराड्याबाहेर यायला तयार नाहीत! हा गार वारा आमच्या किनाऱ्याला काही नवा नाही. पण भात पोटरीत असताना तो आला आणि हट्टी पाहुण्यासारखा मुक्कामाला राहिला, तर लोंबीत दाणाच भरत नाही. अशा वेळी एकच उपाय असतो : खाचरात पाणी खोल साठवायचं आणि पोटरीतली कोवळी लोंबी त्या पाण्याच्या उबेत झाकून ठेवायची.

"कालपासून गावचा भोंगा ओरडतोय, पाणी खोल ठेवा, पाणी खोल ठेवा," सेइजी म्हणाला. "ठेवू कुठून? ओढ्याचं सगळं पाणी आधी हिच्या खाचरात. तिथल्या बांधांतून वळसे घेत घेत माझ्यापर्यंत येतं ते सुताएवढं. तळं राखील तो पाणी चाखील, दुसरं काय!"

"अहो, थोरल्या बहिणीशी बोलताय," त्याची बायको फुमिए दबक्या आवाजात म्हणाली.

"म्हणून काय झालं? बाबा गेले तेव्हा मी तोक्योत पुलाच्या कामावर होतो. परत येऊन बघतो तर पाण्याच्या तोंडाचं शेत ताईनं लाटलेलं."

लाटलेलं...! आई गेल्यावर ज्याला पाठीशी बांधून किनुनं चिखलात लावणी केली, ज्याच्यापायी दारी आलेली स्थळं हात जोडून परत पाठवली, त्याच्या तोंडून हा शब्द यावा! एका वाक्यात तिला त्याचं तोंड बंद करता आलं असतं. पण उपकाराचं ओझं घेऊन जेवलेलं अन्न अंगी लागत नाही, हे तिचं जुनं मत. आणि आपल्या मतांना चिकटून राहण्यात या घरातलं कुणीच कुणाला हार जाणारं नव्हतं.

"सार गार होतंय, सेइजी," ती एवढंच म्हणाली. "पिऊन घे."

तो फावडं उचलून निघून गेला. किनुला मात्र बसवेना. धुतलेले वाडगे तिनं पुन्हा धुतले, शेगडीतले निखारे उगीच सारखे केले, दारापर्यंत गेली, परत आली... आणि तेवढ्यात फुमिए धापा टाकत आली.

"वन्सं, ते ओढ्यापासून थेट आमच्या खाचरात चर खणतायत. पाणी सुटलंसुद्धा!"

किनु तशीच अनवाणी धावली.

ओढ्याचं पाणी डोंगरातल्या बर्फाचं, हाडं गोठवणारं. म्हणून तर वाडवडिलांनी वरच्या खाचरात ते वळणावळणाचे बांध घातले होते! तिथे पाणी उथळ फिरायचं, मिळेल तेवढी ऊब घ्यायचं आणि मगच खाली उतरायचं. ज्याच्या वाट्याला ते खाचर, त्याचं भात कधी धड भरत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण मिसरूड फुटण्याआधी गाव सोडून मोठेपणी परतलेल्या या माणसाला ते सांगणार कोण? भावंडांच्या वाटणीत गाव तोंड घालत नव्हतं. आणि जी सांगू शकत होती, ती गप्प होती.

सेइजी बांधावर उभा राहून भरत्या पाण्याकडे समाधानानं बघत होता. किनुनं हातांनी चिखल ओढून चराचं तोंड बुजवलं, मग वर चढली आणि कुदळीनं स्वतःच्या खाचराचा बांध फोडला. साठलेलं सगळं पाणी खाली लोटलं.

"ताई, राग माझ्यावर काढ ना! भातावर कशाला काढतेस?"

एवढा लोंढा भात आडवं करील म्हणून तो अडवायला त्यानं आपल्या खाचरात उडी घेतली. गार पाण्यानं पाय बधिर झाले. आणि मग वरून आलेलं पाणी पोटऱ्यांना लागलं, तसा तो थबकला. त्यानं वाकून हात बुडवला. ओढ्यापाशी जाऊन तिथेही बुडवला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"हे कोमट आहे."

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं तू..."

"पाणी तापवायला कुणीतरी वर लागतंच. बाबा म्हणाले होते, दोघांनी आळीपाळीनं करा. तुला लहान लेकरं. मी म्हटलं, वरचं मलाच राहू दे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर खालचा भात तुझ्या घशाखाली उतरला असता का?"

सेइजीनं वर पाहिलं. रिकाम्या झालेल्या तिच्या खाचरात आता ओढ्याचं बर्फासारखं पाणी चढत होतं.

"तुझ्या भाताचं काय, ताई?"

"त्याला सवय आहे रे थंडीची," किनु म्हणाली, आणि इतकी वर्षं कोरडे ठेवलेले तिचे डोळे भरून वाहू लागले. सेइजीनं तिचे चिखलाचे हात आपल्या हातांत घेतले.

शरदात त्याचं भात अर्धंमुर्धं भरलं. वर्ष निघण्यापुरतं झालं. वरच्या खाचरात मात्र एकही लोंबी वाकली नाही. सगळ्या पोचट, ताठ उभ्या. ते पोचट भात सेइजीनं एकट्यानं कापलं, आणि हिवाळाभर तो घरात येरझारा घालत राहिला.

वसंतात, लावणीच्या दिवशी, किनु रोपांची जुडी घेऊन वर गेली तर सेइजी आधीच तिच्या खाचरात वाकलेला. अर्धं लावून झालं होतं. पाय थंडीनं लाल पडले होते.

"हे काय चाललंय?"

"खालचं तुझं. फुमिएनं रोपं नेऊन ठेवलीत तिथे. आता पाणी मी तापवतो."

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण नजर ओळींवर गेली.

"ओळी वाकड्या लावतोयस," ती कशीबशी म्हणाली.

"मग खालून ओरडत जा. करतो सरळ."

किनु खाली उतरली आणि तिनं पाण्यात पाय ठेवला. पाणी कोमट होतं. ती तिथेच बांधावर बसली आणि बाहीआड नाही, हातांआड नाही, उघड्यावर, भावाच्या देखत, पोटभर रडली.