गार्डबाबाची शेंग

चहाचा कप घेऊन वृषाली सोनवणे परसात आली आणि तिने आधी वाफ्यातल्या खुंटावरचा फलक वाचला. वर्तमानपत्र बंद केल्यापासून सकाळची एवढीच बातमी उरली होती. 'रात्री तुमच्या वांग्यांकडून चार लिटर पाणी चौधरींच्या भेंडीकडे गेले,' अशी हिरवी अक्षरं उमटली होती. चौधरींनी आंघोळीचं पाणी वाफ्यात न सोडताच गावाला निघून जायचं आणि त्यांच्या भेंडीची तहान हिच्या वांग्यांनी भागवायची, हे तिला तीन वर्षांत एकदाही पटलं नव्हतं. तिने नेहमीसारखं पुटपुटून घेतलं आणि चहाचा घोट घेतला.

पाणी नेणारा होता सोयरा. सोयरा म्हणजे कोणी माणूस नव्हे, मातीतली एक बुरशी. झाडांच्या मुळांना धरून राहणाऱ्या बुरशा रानात पहिल्यापासून असतातच. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्यातली एक जात अशी तयार केली होती, की तिचे केसाहून बारीक तंतू एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, भिंतीच्या पायाखालूनसुद्धा बिनदिक्कत जात. जिथे पाणी आणि क्षार जास्त तिथून ते उचलत, जिथे कमी तिथे पोचवत, आणि हमाली म्हणून झाडांनी उन्हात बनवलेली थोडी साखर खात. सगळ्या कॉलनीची मुळं मिळून जणू एकच मोठं खटलं झालं होतं.

हे सुरू झालं ते लढाईमुळे. दूरच्या समुद्रात कोंडी झाली, तेलाची जहाजं अडकली, भुसावळात भाजीचा ट्रक आठवड्यातून एकदा येऊ लागला. तेव्हा जुन्या रेल्वे कॉलनीने गाड्या उभ्या करायची फरशी उखडली आणि वाफे केले. पुढे लढाई थांबली, पण फरशी परत घालायचं नाव कोणी काढलं नाही. उन्हाळ्यात जिथे अंडं भाजून निघालं असतं तिथे आता दुपारी बुलबुल येत होते आणि कॉलनीतली माणसं मे महिन्यातही संध्याकाळी बाहेर बसत होती.

वृषालीला मात्र परसबाग नवी नव्हती. तिचे पणजोबा दगडूबाबा मालगाडीचे गार्ड. दुसऱ्या महायुद्धात धान्य रेशनवर गेलं, तेव्हा त्यांनी ह्याच क्वार्टरच्या मागे वाल लावला होता. जांभळ्या काठाची, बोटभर लांब, गोडसर शेंग. घरात त्याला 'लढाईचा वाल' म्हणत. तेव्हापासून सोनवण्यांच्या चार पिढ्या रेल्वेत लागल्या, ह्याच क्वार्टरमध्ये राहिल्या आणि दर पावसाळ्यात तो वाल लावत आल्या. वृषाली चौतीस वर्षं तिकीट तपासनीस होती. तिने लग्न केलं नाही, त्यामुळे वडील भास्करराव गेले तेव्हा वेल तिच्याकडे आला. शेवटच्या आजारात त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. "एवढा वेल तुटू देऊ नको," असं ते म्हणाले होते.

आणि तो तुटायला आला होता. ह्या वर्षी पेरलेल्या चाळीस बियांतून सात वेल उगवले, तेही दवाखान्यातून आल्यासारखे फिकट. सरकारी बीजकोठीत जुनी वाणं कायमची जपायला घेत होते. एका वाणाच्या दोनशे ताज्या बिया संक्रांतीपर्यंत द्यायच्या, पुढची खेप पाच वर्षांनी. मार्गशीर्ष उजाडला तरी सात वेलांवर मिळून तीन शेंगा होत्या. पुढच्या वर्षी हे सातही उगवतील की नाही, ह्या विचाराने वृषालीला धास्ती वाटत होती, आणि धास्ती वाटली की ती चिडत असे. म्हणून सोयऱ्याची देखभाल करणारी अन्विता पाटोळे त्या दिवशी फाटकातून आत आली, तेव्हा वृषालीने तिला पाणी विचारायच्या आधी धारेवर धरलं.

अन्विता बत्तीस वर्षांची, शांत डोक्याची मुलगी होती. तिने तक्रार ऐकून घेतली, सोयरा वेलांना उपाशी ठेवतो का ते बघते म्हणाली, आणि वाफ्याशेजारी मांडी घालून बसली. बियाणं कसं ठेवता, हे तिने सहज विचारलं. वृषालीने अभिमानाने सांगितलं. सोनवण्यांच्या घरात पहिल्या तोड्याची शेंग कोणी खात नसे. पहिल्या, टपोऱ्या शेंगा दहा-बारा घरी वानवळा म्हणून जात. हे दगडूबाबांनी घालून दिलं होतं, कारण लढाईच्या दिवसांत शेजारी उपाशी आणि आपण भाजी खातोय हे त्यांना सहन होत नसे. दुसरा तोडा घरात शिजे. मग माघात वेलावर जे काही वाळून राहील ते बियाणं.

अन्विताने एका वेलाचं फिकट पान उलटून पाहिलं. मग तिने हळूच सांगितलं, की शंभर वर्षं चांगलं तेवढं वाटलं गेलं आणि उरलंसुरलं, उशिराचं, किरकोळ तेवढं पेरलं गेलं. वेल सोयऱ्यामुळे खंगला नव्हता, सोनवण्यांच्या चांगुलपणामुळे खंगला होता.

वृषालीला हे कोणीतरी मुस्काटात मारल्यासारखं लागलं. तिला वडील आठवले, शेंगांची ताटली रुमालाने झाकून घरोघर जाणारे, आणि त्यांच्यावर राग काढावा की स्वतःवर, हेच तिला समजेना.

"पण मावशी, मग हे सात तरी जगले कसे, तेच मला कळत नाहीये," अन्विता म्हणाली. "ह्यांच्या पानांत स्वतःपुरतीसुद्धा साखर होत नाही."

तिने काचपाटी काढली आणि कॉलनीचा मुळांचा नकाशा उघडला. प्रत्येक झाड मुळांतून आपापली रसायनं सोडतं. एका रक्ताच्या झाडांची ती रसायनं सारखी असतात, आणि तिथे सोयऱ्याचे तंतू जास्त दाट होतात. नकाशावर अशी नाती पिवळी दिसत. एरवी ती एकाच वाफ्यात असत. वृषालीच्या सात वेलांपासून मात्र एक जाड पिवळी रेघ निघाली होती. ती चौधरींची भेंडी ओलांडून, आणखी पाच परसांखालून थेट शेवटच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीला टेकली होती. तिथे ह्याच रक्ताचा एक वेल होता, दहापट मोठा. रोज रात्री त्या वेलाची साखर रेघेवरून इकडे येत होती. सात वेल त्या साखरेवर जगत होते.

शेवटचं क्वार्टर रत्नप्रभा नेहेते यांचं. ते कळल्यावर वृषालीचा चेहरा उतरला.

नेहेते आणि सोनवणे यांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. रत्नप्रभाबाईंचा नवा जावई पहिल्या दिवाळसणाला येत असताना घाईत तिकीट काढायचं विसरला होता, आणि भुसावळच्या फलाटावर, सासूबाई घ्यायला आलेल्या असताना, वृषालीने त्याला सगळ्यांदेखत दंड केला होता. नियम तो नियम, असं ती तेव्हा म्हणाली होती. शिवाय नेहेत्यांचं घर कॉलनीत चिक्कू म्हणून प्रसिद्ध होतं. त्यांच्या परसातलं पानही कधी कोणाकडे गेल्याचं ऐकिवात नव्हतं. तिथे काय लावलंय ते दिसायलाही मार्ग नव्हता, कारण भिंत रुळांच्या बाजूला होती.

तरीही वृषाली त्याच संध्याकाळी अन्विताला घेऊन गेली. फाटकाशी रत्नप्रभाबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, कमरेवर हात. त्यांनी वृषालीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तिकीट आहे का?" त्यांनी विचारलं.

अन्विताला काहीच कळलं नाही. वृषालीला मात्र कळलं, आणि नऊ वर्षांत जे जमलं नव्हतं ते तिने केलं. ती म्हणाली, "नाही ताई. जो दंड असेल तो सांगा."

रत्नप्रभाबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी फाटकाची कडी काढली.

मागच्या भिंतीवर वेल असा पसरला होता की विटा दिसत नव्हत्या. जांभळ्या काठाच्या शेंगा होत्या, पण एवढ्या वेलाच्या मानाने मोजक्याच. वृषालीने एक हातात घेतली. लहानपणी वडिलांच्या ताटलीत तिने पाहिलेली शेंग अगदी अशी होती. हा वाल कुठून आणला, असं तिने कसंबसं विचारलं.

"वाल कुठला, गार्डबाबाची शेंग आहे ही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "माझ्या आजेसासूला कोण्या गार्डाने वानवळा दिला होता, लढाईच्या टायमाला. घरात पोरं भुकेली, पण म्हातारीने शिजवली नाही. चुलीवर वाळायला टांगली आणि पेरली. तेव्हापासून आमच्यात पहिली शेंग देत नाहीत आणि खातही नाहीत. लोक चिक्कू म्हणतात, म्हणू द्या."

गार्डबाबा म्हणजे आपले दगडूबाबा, हे वृषालीने सांगितलं. सोनवण्यांच्या घरात पणजोबांचं नाव फक्त भिंतीवरच्या फोटोखाली उरलं होतं. इथे परक्या घरात ते 'गार्डबाबा' होऊन दर हिवाळ्यात सुनांच्या तोंडी होतं. रत्नप्रभाबाईंनी तिला बसायला पाट दिला आणि चहा टाकला, दोन चमचे साखर घालून.

मग अन्विताने नकाशा दाखवला, आणि जे सांगणं भाग होतं तेही सांगितलं. नेहेत्यांच्या वेलाला यंदा शेंगा कमी का, ह्याचं उत्तर त्या पिवळ्या रेघेत होतं. संक्रांतीला पाच आठवडे होते. रेघ तोडली तर मोठ्या वेलाची साखर त्याच्यापाशीच राहील आणि दोनशे बिया सहज होतील. मात्र सोनवण्यांचे सात वेल आठवड्याभरात जातील. रेघ ठेवली तर दोनशेचा भरवसा देता येत नव्हता. तोडायचं म्हणजे काचपाटीवर एक बोट टेकवायचं होतं.

वृषालीला वडिलांचे शब्द ऐकू येत होते. वेल तुटू देऊ नको. पण कोणता वेल, हे ते कुठे म्हणाले होते? जो जगण्यासारखा आहे तोच पुढे जायला हवा, मग तो कोणाच्या का भिंतीवर असेना. हे मनाशी म्हणायला सोपं होतं आणि म्हणताना तिला रडू येत होतं. ती म्हणाली, "तोड बाई. बीजकोठीत नेहेत्यांचं नाव लाव."

"हात नको लावू," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी काचपाटी अन्विताच्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर पालथी ठेवली. "आम्ही दोघी वर तोंड फिरवून बसलो, आणि खाली हा वेल तिच्या घरी डबा पोचवत होता. मला न विचारता. आता मी त्याला नको म्हणू? आजेसासूला घेताना गोड वाटलं, मग द्यायला का कडू वाटावं?"

कॉलनीतल्या ज्यांनी ज्यांनी हे पुढे ऐकलं, त्यांना रत्नप्रभाबाई असं बोलल्या हे खरं वाटेना. वृषाली ते ऐकत होती म्हणून तिला खरं वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी दोघी एकमेकींच्या परसात जाऊ लागल्या. पुढच्या हंगामाच्या पहिल्या शेंगांवरून भांडणही झालं. वृषालीला त्या वाटायच्या होत्या, रत्नप्रभाबाईंना टांगायच्या होत्या. शेवटी असं ठरलं, की पहिल्या शेंगा वाटायच्याच, पण ज्याला द्यायच्या त्याला बजावून द्यायच्या, की ह्या खायच्या नाहीत, पेरायच्या. सात वेलांपैकी दोन गेले. पाच हिरवे झाले आणि पौषात फुलले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ओट्यावर बिया मोजल्या, तर एकशे एकोणऐंशी भरल्या. बीजकोठीसाठी एकवीस कमी पडल्या. वृषालीला वाईट वाटलं, पण तीन शेंगांच्या दिवशी वाटलं होतं तसं नाही.

अन्विता आली तेव्हा ती बियांकडे बघायच्या आधी काचपाटी घेऊन बसली. तिला काहीतरी दाखवायचं होतं आणि ते कसं सांगावं हे तिला सुचत नव्हतं. सोयरा कॉलनीच्या कुंपणापर्यंतच सोडलेला होता. त्यापलीकडे तो कोणी पेरला नव्हता, कोरड्या जमिनीत तो पसरतही नसे. पण नेहेत्यांच्या भिंतीपासून आता दुसरी एक पिवळी रेघ निघाली होती. ती कुंपणाखालून बाहेर पडली होती आणि रुळांच्या कडेने पूर्वेला चालली होती, रोज वीतभर, सरळ. असं जाताना तिने वाटेतलं एकही झाड धरलं नव्हतं. पुढून ह्याच रक्ताच्या कुठल्या तरी मुळांची हाक येत असल्याशिवाय सोयरा एवढी साखर खर्च करत नाही, असं अन्विता म्हणाली. वृषालीच्या घरून वानवळा किती गावांना गेला होता, ह्याची नोंद कोणी ठेवलेली नव्हती.

रत्नप्रभाबाईंनी चष्मा लावून रेघेचं टोक पाहिलं. वृषालीने एकशे एकोणऐंशी बियांतल्या दहा उचलल्या, रुमालात बांधल्या आणि पायांत चपला घातल्या. रत्नप्रभाबाईंनी पदर खोचला. दोघी कुंपणाच्या फटीतून बाहेर पडल्या आणि रुळांपासून जरा अंतर राखून पायवाटेने चालू लागल्या.

थोडं पुढे गेल्यावर वृषाली थांबली. "ताई," ती म्हणाली, "जो कोणी भेटेल त्याच्याकडे बिया मागायच्या, की त्याला ह्या द्यायच्या?"