शेवटच्या प्रवेशाची चिठ्ठी

ही गोष्ट माझ्यासोबत घडली आहे. एक अक्षरही वाढवलेलं नाही. वाढवायचंच असतं, तर निदान स्वतःला तरी जरा बरा माणूस केलं असतं.

शनिवार. दुपारचे तीन. कॉलेजचं सभागृह. नाट्यस्पर्धा.

लेखक-दिग्दर्शक म्हणून पत्रकावर माझं नाव होतं. दिग्दर्शक मी होतो. लेखक नव्हतो.

नाटक एका सीनियर मुलीचं. ती आदल्या वर्षी आजारपणात गेली. नाट्यमंडळाच्या कपाटात मला तिची वही सापडली. फक्त शेवटचा प्रवेश नव्हता. तो मी लिहिला आणि वही रद्दीत घातली.

परीक्षकांत एका मोठ्या नाटक कंपनीचे मालक होते. लेखनाचं बक्षीस मिळालं की ते मला कंपनीत घेणार, या आशेवर माझा सगळा खटाटोप.

आणि नट म्हणजे एकेक नमुना! मुख्य काम ठोंब्याकडे. दोन महिन्यांत त्या मठ्ठाला चार वाक्यं पाठ होईनात. शेवटी त्याचे संवाद मी चिठ्ठ्यांवर लिहून सेटवर लपवले. टोपीत, कपाच्या तळाशी, वर्तमानपत्रात.

प्रयोगात व्हायची ती शोभा झाली. दार ओढायचं सोडून ठोंब्यानं ढकललं. दार चौकटीसकट आडवं. मग त्यानं टोपीच्या आधी कपातली चिठ्ठी वाचली आणि समोर जिवंत बसलेल्या आजोबांनाच सांगितलं, "आजोबा, आपले आजोबा गेले हो!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. विंगेत मी दातओठ खात उभा.

शेवटचा प्रवेश आला.

ठोंब्यानं वर्तमानपत्र उघडलं. आत माझी चिठ्ठी होती. समाजाला उद्देशून पानभर भाषण.

तो चिठ्ठीकडे बघत राहिला...

आणि बोलायला लागला. हळू आवाजात. या गाढवाला हळू बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं.

"बाबा, दारात खुर्ची टाकून बसू नका. मला यायला वेळ लागेल. तुम्ही जेवून घ्या."

हे मी लिहिलं नव्हतं.

वहीतही नव्हतं.

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पंख्यांचा आवाज... बंद. मी वर पाहिलं. पंखे फिरत होते.

पडदा पडताच मी त्याची कॉलर धरली. "काय बडबडलास रे?"

"चिठ्ठीवर होतं तेच वाचलं की! अक्षर तुझं नव्हतं पण. छान गोल होतं."

मी वर्तमानपत्र हिसकावलं. चिठ्ठी होती...

माझं अक्षर. माझंच भाषण.

लेखनाचं बक्षीस मला मिळालं. कंपनीचे मालक विंगेत येऊन म्हणाले, "सोमवारी ये." ते बाजूला कुणाशी तरी बोलत असतानाच एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. त्या मुलीचे वडील.

"नाटकावर नाव तुमचं टाकलंत, ते राहू दे," ते हळूच म्हणाले. "शेवटचा प्रवेश तिनं मला दवाखान्यात तोंडी सांगितला होता. लिहायला हातात बळ नव्हतं तिच्या. मी कुणालाच बोललो नाही. तुम्हाला ती भेटली होती का? एवढंच सांगा."



खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मालक चार पावलांवर उभे होते.

"नाही काका. मलाच सुचलं ते."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हणजे माझ्यासाठीच आली होती."

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं...

माझ्यामागे नुसती रिकामी विंग असायला हवी होती.

"चल गं," ते म्हणाले. आणि निघून गेले.

मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. ती त्यांच्याबरोबर गेली की नाही, मला माहीत नाही. कंपनीत मला आता नऊ वर्षं झाली. लोक मला लेखक म्हणतात, आणि मी ऐकून घेतो.