सज्जातला माणूस

पटो न पटो, पण हे घडलेलं आहे. इंग्लंडमधल्या लिंकनशायरात, ऑरमन साहेबांच्या हवेलीत. १९८७ च्या जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी तीनला. लख्ख उजेडात!

हेस्टर स्कार्बी जुनी चित्रं साफ करायची. दिवाणखान्यातलं भिंतभर चित्र तिच्याकडे सोपवलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीची पार्लमेंटची बैठक. केसांचे टोप घातलेले सभासद, मधे सभापती, आणि उभे राहून भाषण ठोकणारे साहेबांचे खापरपणजोबा.

वरचा प्रेक्षकांचा सज्जा मात्र काळाकुट्ट होता.

कापसाच्या बोळ्याने तिने तो पुसायला घेतला. आधी एक हात निघाला.

मग चेहरा...

शेतकरी होता. कठड्यावरून वाकून ओरडणारा.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "झाका त्याला."

"कोण आहे हा?"

"गावातलाच एक उपटसुंभ. गायरानाला कुंपण घालून ते आमच्या नावावर करायचा कायदा होत होता, तर हा वरून बोंबलला. तुरुंगात मेला. आमच्याच लोकांनी रंग फासलाय त्याच्यावर."

हेस्टरची कानशिलं तापली. ती त्याच गावची. कुंपण पडायच्या आधी त्याच गायरानावर तिच्या पूर्वजांची गुरं चरायची.

"मी नाही झाकणार, साहेब. मारलंत ते मारलंत, वर तोंडही दाबलंत त्याचं!"

"चित्र माझंय, बाई. शहाणपणा नको."

त्यांनी स्वतःच ब्रश उचलला आणि त्या उघड्या तोंडावर काळा रंग फासला.

घड्याळाची टिकटिक थांबली.

शेकोटीत लाकडं जळत होती... पण आवाज नव्हता.

मग...

"नाही!"

वरून. चित्रातून.

'कोण?' म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द फुटला नाही.

हेस्टरने वर पाहिलं. ओला रंग ओघळून गेला होता. शेतकरी तिथेच होता.

त्याचं तोंड आता... मिटलेलं होतं.

डॉक्टरांना साहेबांच्या घशात काहीच सापडलं नाही. एप्रिलमध्ये साहेबांच्या बायकोचा फोन आला.

"हेस्टर, हे बोलायला लागले गं."

"बरं झालं की!"

"पण आवाज यांचा नाहीये... गावंढळ बोलतात. दिवसभर एकच विचारतात, आमची गुरं कुठे नेलीत?"

ती हुंदके देत होती.

हेस्टर आता सत्तरीपार आहे. ती म्हणते, त्या दुपारी ती घाबरली नव्हती. फोनवरचं रडणं ऐकून तिला दयाही आली नाही.

"उलट बरं वाटलं मला," ती सांगते. "अजूनही वाटतं... त्याचीच भीती वाटते."