बोटांची गोष्ट

नात संयोगिता सैन्यातून रजेवर आल्यापासून जमदाड्यांच्या घरात सर्जेराव आबांचा आवाज दोन ठिकाणांहून यायचा. एक आबांच्या घशातून आणि दुसरा फडताळावर ठेवलेल्या पांढऱ्या शिरस्त्राणातून. पहिले काही दिवस घरच्यांची चांगलीच फजिती झाली. "अलके, चहा टाक गं," असं ऐकून सूनबाई चहा घेऊन सोप्यात यायची, तर आबा केव्हाच द्राक्षबागेकडे गेलेले असायचे. सगळे पोट धरून हसायचे. आबा मात्र हसत नसत, आणि ते का हसत नाहीत हे कुणी विचारलंही नाही.

शिरस्त्राणातल्या त्या आवाजाला सैन्यात 'सोबती' म्हणत. फार उंचावर हवा विरळ होते आणि माणसाच्या डोक्यावर धुकं बसतं. समोरचा दोर दिसतो, पण तो कशासाठी बांधलाय ते आठवत नाही. रेडिओवरचा हुकूम ऐकू येतो, पण आत पोचत नाही. आत पोचतो तो घरचा आवाज. आई 'ऊठ' म्हणाली की माणूस उठतो, त्याला विचार करावा लागत नाही. एवढं एक लक्षात आल्यावर शास्त्रज्ञांनी प्रत्येक जवानाच्या शिरस्त्राणात त्याच्या घरातलं एक माणूस बसवलं. बोलणं घरच्या माणसाचं, सूचना सैन्याच्या डॉक्टरांच्या.

याला एकच अपवाद होता. घरचं माणूस स्वतः बर्फात नोकरी करून आलेलं असेल, तर त्याला 'अनुभवी' धरत. मग सोबती डॉक्टरांच्या सूचना बाजूला ठेवून आधी त्या माणसानं सांगितलेल्या आठवणींतून उत्तर शोधायचा. लेफ्टनंट संयोगिता जमदाडेनं आपल्या वरिष्ठांसमोर शपथेवर सांगितलं होतं की माझे आजोबा अनुभवी आहेत. तिला त्यात शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. सगळी सावळवाडी त्यांना मेजर म्हणायची. गावातला पहिला फौजी म्हणून दर सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा तेच फडकवायचे.

आणि सर्जेराव जमदाडे सैन्यात कधीच नव्हते.

एकोणिसाव्या वर्षी ते कोल्हापूरला भरतीला गेले, ते छातीच्या मापात बाद झाले. इकडे वडिलांनी आधीच पेढे वाटले होते. त्या पेढ्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून पोरगं उत्तरेकडच्या गाडीत बसलं आणि आग्र्याजवळ बटाट्याच्या एका शीतगृहात कामाला लागलं. घरी कळवलं, भरती झालो. बरीच वर्षं पोती वाहून ते जुन्या बाजारातली हिरवी जर्सी घालून परतले, तेव्हा गावानं हलगी लावून मिरवणूक काढली. खरं सांगायची वेळ होती ती तेवढीच. ती हलगीत गेली.

आज संयोगिता निघणार होती. देवळापुढं मांडव घातला होता आणि लाऊडस्पीकर सकाळपासून खरखरत होता. गावातलं कुणीही दूर निघालं की निरोपाला मेजरांनी बोटांची गोष्ट सांगायची, हा सावळवाडीचा रिवाजच झाला होता. बर्फातल्या ठाण्यावर एका जवानाची बोटं गोठली, मेजरांनी ती बर्फानं घासली, शेगडीवर धरली आणि दहाच्या दहा वाचवली. गोष्ट एवढीच, पण आबा ती अशी सांगायचे की ऐकणारा वैशाखातसुद्धा हात चोळायचा.

घरात संयोगिता शेवटचा सराव करत होती. तिनं घमेल्यात बर्फ आणून त्यात उजवा हात बुडवला होता आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवलं होतं. आबा खाटेवर बसून बघत होते.

"बोटं बधिर झाली," ती म्हणाली.

"घाबरायचं न्हाय, पोरी," शिरस्त्राणातले आबा म्हणाले. आवाज ठणठणीत होता, मांडवातल्यासारखा. "बर्फ घे आन् घास. जोर लावून घास. मग शेगडीवर धर, जळल्यागत वाटंस्तवर. मी दहा बोटं वाचवल्यात अशी."

आवाज रेकॉर्ड करायला माणूस आला होता, तेव्हा सगळं घर भोवती बसलं होतं आणि सगळ्यांनी बोटांच्या गोष्टीचाच आग्रह धरला होता. ती गोष्ट म्हणूनच राहील असं आबांना वाटलं होतं. ती उद्या हुकूम होऊन नातीच्या कानात बोलेल, हे त्यांना आत्ता कळलं. आणि तो हुकूम चुकीचा होता, हे या घरात फक्त त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती बोटं वाचली नव्हती.

"पोरी, तिथं डॉक्टर सांगतील तसं कर," ते म्हणाले.

"डॉक्टर उलटंच सांगतात. घासू नका, आगीजवळ नेऊ नका, कोमट पाण्यात ठेवा." तिनं हात पुसला. "पण त्यांनी पुस्तकात वाचलंय, तुम्ही केलंय. आणि धुकं बसल्यावर मी कुठली ठरवणार, आबा? तेव्हा हा सांगेल तसं हात आपोआप करणार."

ती कपडे करायला माजघरात गेली. आबांनी पटकन शिरस्त्राण जवळ ओढलं.

त्याच्या कपाळावर दिव्यांची एक बारीक पट्टी होती. सांगणाऱ्याच्या आवाजावरून सोबती ठरवायचा की कुठली आठवण खरी जगलेली आहे. आवाज ठाम असला की पट्टी हिरवी, थरथरला की ती विझत जायची. बनवणाऱ्यांचा हिशेब सरळ होता, खोटं बोलताना माणूस चाचरतो. जन्मभर एकच खोटं बोलत आलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढं आला नसावा.

"बोटं घासायची न्हाईत," आबा म्हणाले. पट्टी क्षणभर लुकलुकली आणि विझली.

"ह्यात भरवसा वाटंना," सोबती त्यांच्याच आवाजात म्हणाला. "आधीचंच ठेवतो."

"अरं, आधीचं खोटं हाय."

"आवाज कापतोय. आधीचंच ठेवतो."

त्यांनी पुन्हा सांगितलं, मग ओरडून सांगितलं, मग हात जोडून. प्रत्येक वेळी आवाज आणखी कापत गेला आणि पट्टी अंधारीच राहिली. बाहेर लाऊडस्पीकरवर कुणीतरी म्हणालं, "मेजरसाहेबांनी मांडवात यावं ही विनंती." शीतगृहाच्या जाड दाराला आतून कडी नसायची. बाहेरून लागलं की आतला माणूस कितीही ठोकू दे, आवाज पलीकडे जात नसे. आबांना आज तेच दार आठवलं.

"कुणाशी भांडताय, आबा?"

संयोगिता गणवेश घालून दारात उभी होती. काय देखणी दिसत होती पोर. त्यांना वाटलं, गप्प बसावं. ही जाईल, काही होणार नाही, इतके जण जातात आणि धडधाकट परत येतात. मग त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. बर्फानं बोटं अजून लालच होती.

"मी मेजर न्हाय," ते म्हणाले. "मी सैन्यातच न्हवतो, पोरी."

ती हसली, मग त्यांचा चेहरा बघून हसायची थांबली.

"मग कुठं होता?"

"बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजात."

ती भिंतीला टेकून खाली बसली. कडक इस्त्रीचं भानही तिला राहिलं नाही. मग म्हणाली, "मी शपथेवर सांगितलंय, आबा. तुमच्यासाठी नाही, मला स्वतःला खरं वाटत होतं म्हणून. आता हे कळवलं तर चौकशी लागेल. माझी पोस्टिंग जाईल, कदाचित नोकरीसुद्धा."

"म्हाईत हाय."

"आणि नाही कळवलं तर हा डोक्यावर बसून मला खोटं सांगणार." तिनं शिरस्त्राणाकडे बोट केलं. तिला रडू येत होतं आणि रागही. "बोटांची गोष्ट तरी खरी आहे का?"

आबांनी डोळे मिटले.

"रामधनी त्येचं नाव. बिहारचा. माझ्या शेजारी झोपायचा. थंडी करायला तिथं अमोनियाच्या नळ्या असत्यात. एक नळी फुटली आन् त्येच्या हातावर उडाली. बोटं पांढरीफेक, लाकडागत. मला वाटलं, ऊब द्यावी. नळ्यांवरचा बर्फ खरवडला आन् घासली. मग शेगडीवर धरली. त्येला काय कळतच न्हवतं, म्हणून आनखी जवळ धरली. कातडी निघाली. तरी तो मलाच म्हणत हुता, भाई, रो मत. चवथ्या रोजी बोटं काळी पडली. डॉक्टरनं आंगठा तेवढा ठेवला."

हे सांगताना त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. ओल्या गोणपाटाचा वास, शेगडीतला कोळसा, रामधनीचा हात, सगळं डोळ्यांसमोर होतं, नुसतं बघायचं आणि बोलायचं. संयोगितानं वर बघितलं. आबांजवळ ठेवलेल्या शिरस्त्राणाची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवी झाली होती.

"दोन आठवणी जुळत न्हाईत," सोबती म्हणाला. "एकीत बोटं वाचली, एकीत गेली. पोरी, कुठली ठेवू?"

शपथ तिची होती, उत्तरही तिनंच द्यायचं होतं. बाहेर हलगी सुरू झाली आणि पोरं ओट्यावर चढून "मेजर, मेजर" अशा हाका घालायला लागली.

संयोगितानं आपला उजवा हात डोळ्यांपुढं धरला, बोटं मिटली आणि उघडली. मग ती उठली आणि तिनं शिरस्त्राण दोन्ही हातांनी उचललं.

"दुसरी ठेव," ती म्हणाली. "पहिली पुसून टाक. माझी शपथ चुकीची होती, तेही वर कळव."

"कळवलं."

आबांना हुंदका आला. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. तेवढं तिला आज जमणार नव्हतं.

पट्टीवरचे दिवे सावकाश इकडून तिकडे फिरत राहिले. मेजरांच्या नावानं गोळा केलेलं सगळं, ठाणं, गस्त, हुकूम, जयहिंद, सोबती एकेक करून पुसत असावा. मग तो पुन्हा बोलला. आवाज आबांचाच होता, पण त्यातला मांडवातला ठणठणीतपणा गेला होता.

"मी मेजर न्हाय," तो म्हणाला. "मग मी कोण, पोरी? तुला हाक मारताना काय म्हणून मारू?"

संयोगितानं शिरस्त्राण आबांपुढं धरलं. "तुम्हीच सांगा त्याला," ती म्हणाली. लाऊडस्पीकरवर कुणीतरी पुन्हा मेजरसाहेबांचं नाव पुकारत होतं.